दुधाचंच तर पाणी

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब खाली आणायचा असेल तर नवऱ्याला जे सुनावावंसं वाटतं ते वहीत लिहीत जा. म्हणून ही वही. नवरा भलताच खूश आहे. म्हणाला, "दोनशे पानी आण, शंभर पानी तुला पुरायची नाही."

आज मात्र सुनावण्यासारखं काही नाही. आजपासून माझा चीजचा कारखाना सुरू झाला. कारखाना म्हणजे घरामागची गाडी ठेवायची जुनी शेड. तिला पांढरा रंग दिला, खाली फरशी घातली, एक मोठं स्टीलचं पातेलं आणि गोळा दाबायचं यंत्र आणलं. वहिनी म्हणाली, "पन्नाशी उलटल्यावर कसले गं हे उद्योग?" दादा मात्र म्हणाला, "चिमे, कर तू. तुला दुधातलं कळतं." दादा माझा मोठा भाऊ. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते, पुढचं सगळं त्यानेच केलं. आमच्या मागून जो ओढा जातो तो पुढे खाडीला मिळतो, तिथे त्याचं घर आहे आणि तो कालवं, म्हणजे खाण्याचे शिंपले, पाळतो. पाण्यात खुंट रोवायचे, दोऱ्या सोडायच्या, दोऱ्यांवर कालवांची पिल्लं धरतात, ती मोठी झाली की विकायची. बारा महिने पाण्यात उभा असतो. त्याने 'कर' म्हटलं की मला दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नसते.

पहिला गोळा रबरासारखा झाला. हे म्हणाले, दाराखाली लावू, दार आपटणार नाही. बघा, निघालंच शेवटी लिहिण्यासारखं.

११ फेब्रुवारी

आजचा गोळा जमला! मऊ, पण तुटत नाही. दादाकडे पाठवला. वहिनीने दोनदा घेतला म्हणे, उद्योग विसरून.

एक भानगड आहे. एवढं पातेलंभर दूध, त्यातून चीज निघतं हातात मावेल एवढं. बाकी उरते ती निवळी, म्हणजे हिरवट आंबूस पाणी. तिचं करायचं काय? गवळी म्हणाला गुरांना पाजतो. दोन दिवस नेली आणि तिसऱ्या दिवशी म्हशीला ढाळ लागलेत म्हणून दारात येऊन ओरडला. वाफ्यात ओतली तर वांग्याची रोपं माना टाकून बसली. शेवटी ह्यांनी शेडच्या मोरीला पाइप जोडून तो मागे ओढ्यात सोडला. मी विचारलं, "ओढ्यात चालेल का हो?"

"अगं, दुधाचंच तर पाणी. विष सोडतोय का आपण?"

तेही खरंच. वरच्या अंगाला रंगारी काय काय सोडतो, त्याला कोण विचारतं?

रंगारी म्हणजे सूत नि कापड रंगवणारा. बऱ्याच वर्षांपूर्वी बाहेरगावाहून आला, लेकीला घेऊन. लेक आता सासरी असते. माणूस सरळ आहे. दिसला की "ताई, बरं आहे ना?" असं विचारल्याशिवाय पुढे जात नाही. पण त्याचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी तांबडे. लहान पोरं घाबरतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही मोठेही त्याच्या हातचा चहा घेताना जरा कपाकडे बघतो.

२ मार्च

मोठ्या हॉटेलाची मागणी आली. आता दूध तिप्पट लागतं. सकाळी उठल्यापासून पातेलं चढलेलं असतं, माझे हात दिवसभर दुधात. हे म्हणतात, म्हातारपणी तुझी कांती उजळली.

आज एक गंमत पाहिली. सकाळी पाइपापाशी गेले तर खालच्या डोहात माशांची ही गर्दी! सगळे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करतायत. दूध पितायत हो! ह्यांना हाक मारून दाखवलं. "बघा, माझ्या चीजची चव माशांनासुद्धा कळते." हे म्हणाले, "फुकटची गिऱ्हाइकं." आम्ही दोघं काठावर उभे राहून किती वेळ बघत होतो. बगळेही आलेत भरपूर. पाणवठ्यावर इतकी वर्दळ कधी पाहिली नव्हती, मन भरून आलं. ओढ्यालाही चार घास लागले माझ्यामुळे, असं वाटलं.

दगडांवर करडं काहीतरी धरलंय, ओल्या कापसासारखं. साय असेल. आंबूस वास येतो, पण कारखाना म्हटला की वास आलाच.

१७ मार्च

दादा आला होता. चेहरा उतरलेला. चहा पुढे ठेवला तर तसाच निवत ठेवला.

म्हणाला, खेकडे पाण्याबाहेर येतायत. खुंटांवर चढून बसतात, दोऱ्यांना लटकतात, हाकललं तरी पाण्यात जात नाहीत. खेकडा पाण्याला भितो, असं त्याने जन्मात पाहिलं नाही. आणि कालवं तोंडं उघडी टाकून मरतायत. हात लावला की जिवंत कालव पटकन मिटतं, ही मिटत नाहीत. अर्ध्या दोऱ्या गेल्या. दादाला इतकं खचलेलं मी वडिलांच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

"वरून काहीतरी येतंय, चिमे. त्या रंगाऱ्याचंच असणार. तुझ्या मागूनच जातं ना पाणी? तुला काही दिसलं?"

मी म्हटलं, "दिसलं तर! निळंशार पाणी आलं होतं. डोळ्यांनी पाहिलंय मी."

पाहिलं होतं हे खोटं नाही. पण ते गेल्या वर्षी, त्याचं एक पिंप लवंडलं होतं तेव्हा. मी दादाला 'परवा' म्हणाले का? म्हणाले बहुतेक. बोलण्याच्या भरात. असो, माणूस तोच, पाणी तेच. दादाला जरा धीर आला हे महत्त्वाचं.

२६ मार्च

मासे मेले. डोहात, वळणावर, पार खाडीपर्यंत. पांढरी पोटं वर करून. बोय माशांची पिल्लं तर इतकी की पाणी दिसत नव्हतं. खाडीतून ती आत येतात, इथे वाढतात, मग परत समुद्रात जातात, असं दादा लहानपणी सांगायचा. यंदाची कुठेच जायची नाहीत. घाणीने डोकं उठलं. ऊन तर आग ओकतंय, आणि ओढ्याला पाणी घोटाभर.

पाणी तपासणारी बाई आली होती सरकारी गाडीतून. तरणी पोर, गुडघ्यापर्यंत बूट. मेलेला मासा उलटा करून त्याचे कल्ले बघितले. म्हणाली, "हे विषाने मेल्यासारखे वाटत नाहीत. गुदमरलेत. पाण्यात हवा उरली नसणार."

मी म्हटलं, "पाण्यात कुठली आली हवा?"

"विरघळलेली असते, मावशी. त्यावरच मासे जगतात. पाण्यात काही कुजायला लागलं की ते कुजणंच सगळी हवा खाऊन टाकतं. इथे कोणी उष्टंखरकटं, मळी, दूध असलं काही सोडतं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "वर रंगाचं काम चालतं, तेवढंच."

असं चटकन तोंडातून गेलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पाइप झुडपाआड आहे, तिला दिसला नाही. बाटल्या भरून ती गेली. अहवाल यायला दोन-तीन महिने लागतील म्हणे. तिने दूध शब्द का काढला असेल? सहज काढला असेल. मी उगाच घाबरते. पण आज निवळी सोडायला मी गेले नाही, ह्यांना पाठवलं.

२९ मार्च

चावडीसमोर माणसं जमली. दादा पुढे. रंगाऱ्याला मध्ये उभं केलं. तो म्हणत होता, माझं पाणी मी टाक्यांत निवळू देतो, गाळ वेगळा काढतो, येऊन बघा. कोण ऐकतंय? कोणीतरी म्हणालं, तुझे हातच बघ की! सगळे हसले. मीही हसले बहुधा.

दादा म्हणाला, "माझ्या बहिणीने डोळ्यांनी पाहिलंय." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रंगाऱ्यानेही. मी 'हो' अशी मान हलवली. बोलले काहीच नाही, फक्त मान हलवली. पण मान हलवणं काय बोलण्यापेक्षा कमी असतं?

मग सगळे त्याच्याकडे गेले नि दगडमाती घालून त्याची ओढ्याकडची मोरी बंद केली. मोरी बंद म्हणजे काम बंद. रंगवलेलं सूत धुणार कुठे? दादाने केवढा थोरला दगड एकट्याने उचलला. पाणी तुंबून रंगाऱ्याच्या अंगणात आलं, उंबऱ्यापर्यंत. तो झाडूने मागे लोटत होता. मी घरी आले आणि पातेलं घासायला घेतलं. घासलेलंच होतं ते.

३१ मार्च

रंगारी आला. दारातच उभा राहिला. मी आत या म्हटलं, तर म्हणाला, "नको ताई, पाय ओले आहेत."

म्हणाला, "तुम्ही शेजारच्या, म्हणून विचारतो. मासे मेले त्याच्या आधीचे पंधरा दिवस मी इथे नव्हतोच. लेक बाळंतीण झाली म्हणून तिच्याकडे गेलो होतो. रंगाची भट्टी थंड होती, टाक्या कोरड्या. तुम्ही रोज मागे येता. माझा धूर दिसला का तुम्हाला तेवढ्या दिवसांत?"

नव्हता दिसला. मला चांगलं आठवतं. मी ह्यांना म्हटलंही होतं की आज-काल त्याच्या सुताच्या लडी वाळत घातलेल्या दिसत नाहीत.

"एवढंच सांगाल का चारचौघांत? धूर नव्हता, एवढंच. बाकी काही नको."

मी म्हटलं, "बघते."

बघते! माणूस बुडतोय आणि मी म्हणते, बघते. निघताना त्याने नाक जरा वर केलं, वास घेतल्यासारखं. आंबूस वास आता घरभर असतो. "तुमचं काम जोरात आहे वाटतं," म्हणाला. मी "हो ना" म्हटलं नि विचारलं, नातू की नात. नात झाली. पेढे कुठायत, असंही विचारलं मी निर्लज्जासारखं.

१ एप्रिल

माझी खात्री करून घ्यायची म्हणून, आणि त्या सरकारी पोरीला खोटं पाडायचं म्हणून, दोन बादल्या घेतल्या. वरच्या अंगाला, पुलापलीकडे ओढा अजून स्वच्छ आहे, तिथून पाणी आणि चिमुकले मासे आणले. एका बादलीत साधं पाणी. दुसरीत डावभर निवळी घातली. दुधात चाळीस वर्षं हात घालणाऱ्या बाईला दूध काय करतं ते कोणी शिकवायला नको. दोन्ही बादल्या शेडमध्ये सावलीत ठेवल्या आहेत.

२ एप्रिल

साध्या पाण्यातले मासे तळाशी फिरत होते.

निवळीच्या बादलीतले वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट, उघडमीट. मी ते ओळखलं. डोहात हेच बघत उभी होते मी, नवऱ्याला बोलावून कौतुकाने. मला वाटलं, दूध पितायत. ते गुदमरत होते, आणि मी काठावर हसत होते. दुपारपर्यंत सगळे आडवे झाले.

मी त्यांना लगेच चांगल्या पाण्यात घालायला हवं होतं. सुचलंच नाही. बादलीपाशी बसून राहिले फक्त. ह्यांनी विचारलं, काय झालं, मी बादली दाखवली. ह्यांनी वाकून दोन्ही बादल्यांत पाहिलं. मग म्हणाले, "पाइप काढतो. पण तू कुठे बोलू नकोस. दादाला कळलं तर भाऊ तुटेल तुझा."

भाऊ तुटेल. तीच भीती आहे मलाही, दुसरी कसली नाही. पाइप काढला. हॉटेलाला कळवलं, तब्येत बरी नाही. खोटं बोलायची आता चांगली सवय झाली आहे.

मनाशी ठरवलं की चूक सुधारली ना, मग बोभाटा कशाला. ओढा सुधारला की लोक आपोआप विसरतील आणि रंगाऱ्याची मोरीही कोणी ना कोणी उघडेल.

२१ एप्रिल

आपण ठरवतो एक.

पाणी खरंच सुधारलं. वास गेला, दगडांवरची ती घाण वाहून गेली. मध्ये एक अवकाळी सर आली, तिनेही हात लावला असेल. आज दादा हसत आला. महिन्याभराने हसला. खेकडे परत चिखलात शिरले, उरलेल्या दोऱ्यांवरची कालवं हात लावला की मिटतात.

"बघितलंस? रंगाऱ्याची मोरी बंद केली आणि पाणी सुधारलं. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

मी गुपचूप पाइप काढला, आणि त्यानेच रंगाऱ्यावर शिक्का बसला. आधी निदान संशय होता. आता सगळ्यांची खात्रीच झाली. पाप केलं तेव्हा तर बुडवलंच त्याला, आणि ते निस्तरलं तेव्हा वरून दगड बांधला.

दादा म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून कळलं, चिमे. नाहीतर सगळंच गेलं असतं माझं." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. रक्तदाबाची गोळी घेतली. काही उपयोग झाला नाही.

२४ एप्रिल

रंगाऱ्याने भट्टी विकली. टेम्पो ठरवलाय, तो लेकीच्या गावी जाणार. दूधवाल्याने सांगितलं, जाता जाता, जसं कोणी उन्हाबद्दल बोलतं तसं.

मी ह्यांना म्हटलं, मी जाते दादाकडे. हे म्हणाले, विचार कर. म्हटलं, विचारच करतेय महिनाभर. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय, आणि चोर घरात बसून वही भरतोय.

दादा काठावर दोऱ्या साफ करत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पाइप, डोहातले मासे, बादल्या. निळं पाणी गेल्या वर्षीचं होतं, हेही. आधी तो हसला. "दुधाने कोणी मरतं होय गं?" मग माझ्या तोंडाकडे बघत गेला, बघत गेला, आणि त्याचं हसू गेलं.

मला वाटलं ओरडेल. मारलं असतं तरी बरं वाटलं असतं. तो मेलेल्या कालवांचे शिंपले दोरीवरून सुटे करून एकेक पाण्यात टाकत राहिला. मग म्हणाला, "तो मोठा दगड मी उचलला होता, चिमे. कंबर धरली होती माझी. मी तुझ्या वहिनीला म्हणालो, धरू दे, सार्थकी लागली."

एवढंच. मी "दादा, दादा" करत राहिले. तो म्हणाला, "घरी जा. रविवारी सगळ्यांसमोर सांग. मी येतो."

२७ एप्रिल

सांगितलं.

त्याच जागी, त्याच माणसांसमोर. रंगारीही आला होता, दादाने स्वतः जाऊन बोलावलं होतं. मी काही लपवलं नाही. सरकारी बाईला खोटं सांगितलं तेही बोलले. धूर नव्हता, तेही. म्हटलं, माझी मोरी बंद करा, काय दंड लावायचा तो लावा.

आणि काय झालं? काही नाही! एक म्हातारे म्हणाले, "जाऊ दे हो, अजाणतेपणी झालं." शाळेतल्या बाई म्हणाल्या, "किती मोठं मन लागतं असं सांगायला." दोघीतिघींनी येऊन माझे हात धरले. कोणीतरी पाणी आणून दिलं. म्हणाले, दुधाचंच तर पाणी, कोणाला कळणार होतं? मी रडायला लागले, तर त्यांना वाटलं पश्चात्तापाने. मी रागाने रडत होते. माझ्या मोरीवर टाकायला कोणी एक खडासुद्धा आणला नव्हता.

नंतर मी रंगाऱ्यापाशी गेले. म्हटलं, "भाऊ, नका जाऊ. मोरी आजच उघडतो आम्ही. भट्टी परत घेऊ."

तो म्हणाला, "ताई, मी तुमच्या दारात आलो होतो तेव्हाच मला वासावरून कळलं होतं. म्हटलं, आपण होऊन बोलतील. उशिरा का होईना, बोललात. तुमच्यावर राग नाही माझा."

"मग थांबा ना."

त्याने अजून उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं. कोणी हसत होतं, कोणी उन्हाळ्याबद्दल बोलत होतं. "तुम्ही मासे मारलेत, तर तुम्हाला पाणी आणून दिलं," म्हणाला. "मी काहीच केलं नव्हतं. आज बघितलं मी सगळं, ताई. आता ह्यांच्यात कसा राहू?"

घरी आले नि त्याचा प्रश्न जसाच्या तसा इथे लिहून ठेवला.

२९ एप्रिल

टेम्पो सकाळीच गेला. मी रस्त्यावर उभी होते. त्याने सवयीने विचारलं, "ताई, बरं आहे ना?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे बसला.

दुपारी दादा पहार घेऊन आला. मी मागून गेले तर नको म्हणाला नाही. आम्ही दोघांनी मिळून रंगाऱ्याच्या मोरीतले दगड काढले. तो मोठा दगड काढायला दोघं लागलो. मग माती खरवडली, आतला चिखल हाताने उपसला, माझे हात कोपरापर्यंत निळे झाले. मोरी पार मोकळी केली आणि बाजूला उभे राहिलो.

तिच्यातून काही आलं नाही. येणार कुठून? आत कोणी नव्हतंच.